ढगांआडची कुऱ्हाड



जंगलातली चोरी कोणत्या वेळी होते असे कोणी विचारले, तर आपण सारे ‘रात्री’ असेच उत्तर देऊ. ब्राझीलमधील ॲमेझॉनच्या अरण्यात मात्र चोराला रात्रीइतकाच पावसाळाही सोयीचा ठरला. उपग्रहांच्या छायाचित्रांवरून जंगलतोडीचा वार्षिक हिशेब तो देश १९८८ पासून ठेवीत आला आहे. २००४ पासून तोडीचे इशारे तातडीने देणारी व्यवस्थाही तेथे उभी राहिली. परंतु ही छायाचित्रे सूर्यप्रकाशाच्या आधाराने काढलेली. पावसाळ्यात महिनोन्‌महिने आभाळ भरलेले राहते आणि ढगांखाली काय चालले आहे ते आभाळ उघडेपर्यंत कळत नाही. तोवर ओंडके केव्हाच नदीपार झालेले असावयाचे!

यावर उपाय सापडला तो रडारचा. रडार सूर्याकडून उजेड उसना घेत नाही. स्वतःचा कंदील स्वतःच घेऊन फिरते. त्याच्या लहरी ढगांतून आरपार जातात आणि अंधाराचीही त्यांना अडचण नसते. दाट रानात शिरलेल्या लहरी पानाफांद्यांवर आपटून चहूकडे विखुरतात. त्यांतला काही भाग उपग्रहाकडे परततो. सपाट, मोकळ्या जमिनीवर त्या फरशीवर तिरक्या टाकलेल्या चेंडूसारख्या पुढेच निघून जातात. म्हणून रान उजळ दिसते, तोडलेली जागा काळी. एकाच स्थळाची दोन दिवसांची चित्रे शेजारी ठेवली की काय हरवले ते उमगते.

लहरीची लांबीही महत्त्वाची. २०१४ पासून फिरणाऱ्या युरोपच्या सेंटिनेल-१ मालिकेची लहर साडेपाच सेंटिमीटरांची. ती शेंड्यांवरच्या पानाडहाळ्यांत अडकते. जपानच्या ‘दाइची’ उपग्रहाची लहर सुमारे चोवीस सेंटिमीटरांची. ती खोडांपर्यंत पोचते. ‘दाइची’ची चित्रे घेऊन ब्राझीलच्या इबामा या पर्यावरण-संस्थेने ढगांखालची तोड हुडकली. पण २०११ साली तो उपग्रह बंद पडला आणि त्याचा वारस २०१४ पर्यंत आकाशात गेला नाही. पहाऱ्यात तीन वर्षांचा खंड म्हणजे रानाच्या दृष्टीने थोडा काळ नव्हे.

आता या साधनाच्या उणिवाही आम्ही सांगितल्या पाहिजेत. नुकतीच पाडलेली झाडे जागेवरच पडून असली, तर ती जागा काळी होण्याऐवजी कधी कधी अधिकच उजळ दिसते. भिजलेली जमीन चित्र बदलते. सागासारख्या झाडांची पानगळ आखूड लहरीला तोडीसारखी भासू शकते. आणि शंभर झाडांतून एखादेच मोलाचे झाड काढून नेले, तर ते बहुधा निसटतेच. म्हणून जाणकार एका चित्रावर निवाडा देत नाहीत; अनेक फेऱ्यांची साक्ष जुळवितात.

हा विषय आता आपल्याही दाराशी आला आहे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ हा भारत व अमेरिकेचा संयुक्त उपग्रह निघाला. बारा मीटर व्यासाची जाळीदार छत्री, चोवीस सेंटिमीटरांची अमेरिकेची लहर आणि सुमारे नऊ सेंटिमीटरांची आपली, आणि दर बारा दिवसांनी त्याच वाटेवरून फेरी. आषाढ-श्रावणात सह्याद्री ढगांत बुडालेला असताना वर नजर ठेवण्याचे हे साधन आहे. अर्थात उभ्या कड्यांच्या सावलीत रडारलाही काही दिसत नाही, हे विसरून चालणार नाही.

परंतु मंडळी, सर्वांत मोठी उणीव यंत्राची नाहीच. झाड गेले एवढे रडार सांगेल. ते परवान्याने गेले, वादळाने गेले की चोरीने गेले, हे त्या चित्रात लिहिलेले नसते. त्यासाठी कोणीतरी चिखल तुडवीत तेथवर गेलेच पाहिजे. इबामाच्या कामातही चित्रानंतर माणसेच रानात शिरली. सेंटिनेलची चित्रे तर कोणालाही विनामूल्य मिळतात. तेव्हा यापुढे ‘आम्हांला कळले नाही’ ही सबब आपल्याला उरलेली नाही. कंदील आकाशात लागला आहे. राखणदार मात्र जमिनीवरच हवा.