अर्ज पोचतो, मजकूर पोचत नाही



म्हैसूर संस्थानाचे स्वतःचे टपालखाते होते. 'अंचे' हे त्याचे नाव. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, चिक्क देवराज वडियार यांच्या कारकिर्दीत त्याची घडी बसली आणि १८८९ मध्ये ते ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपालखात्यात विलीन झाले. कन्नडमध्ये टपालाला आजही अंचे असेच म्हणतात. या जुन्या खात्याचे स्मरण आरंभीच करण्याचे कारण असे की, आजचा विषय संगणकाचा असला तरी प्रश्न टपालाचाच आहे. टाकलेले पत्र पोचले नाही, तर ते नेमके कोणत्या टप्प्यावर राहिले?

समजा, म्हैसूर येथे शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने शिष्यवृत्तीसाठी संगणकावरून अर्ज केला. मानसगंगोत्रीच्या परिसरात म्हैसूर विद्यापीठ आहे आणि १९६९ मध्ये स्थापन झालेले भारतीय भाषा संस्थानही आहे; तेथे नाना भाषांची माणसे वावरतात. ही विद्यार्थिनी मराठी असून तिने आपले नाव देवनागरीत लिहिले आहे. कळ दाबताच पडद्यावर 'अर्ज मिळाला, धन्यवाद' अशी अक्षरे उमटतात आणि ती निश्चिंत होते. मुदत संपल्यावर कार्यालयात यादी उघडली जाते, तेव्हा तिच्या ओळीत केवळ अनुक्रमांक आणि वेळ आढळते. बाकीचे रकाने कोरे! येथे खोटे कोणीच बोललेले नाही. पाकीट खरोखरच पोचले होते. आतला कागद तेवढा नव्हता. उघड झालेला बिघाड दुरुस्त तरी करता येतो, परंतु असा मुका बिघाड मुदत टळून जाईपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही.

फॉर्ममधील माहितीचा प्रवास तसा लांबचा नव्हे. पानावरील रकाने भरले जातात, ब्राउझर त्यांची मोट बांधतो, ती सर्व्हरकडे जाते आणि तेथील स्क्रिप्ट ती सोडते. या व्यवहाराचे नियम १९९३ ते १९९५ या काळात ठरत गेले. रास्मुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये लोकांपुढे ठेवलेली आणि पुढे पीएचपी म्हणून प्रसिद्धीस आलेली भाषा मुख्यतः याच कामासाठी वाढली. हे नियम साधे आहेत. तथापि त्यांचा कटाक्ष एकाच गोष्टीवर आहे, आणि ती गोष्ट म्हणजे नाव.

रकान्याशेजारी 'संपूर्ण नाव' असे ठळक छापलेले असते, ते माणसासाठी. ब्राउझरला त्याचे सोयरसुतक नाही. रकान्याच्या संकेतात 'नेम' हा गुण लिहिलेला असेल, तरच तो त्यातील मजकूर मोटेत घालतो. नसेल तर तो रकाना मुकाट्याने वगळतो. पुष्कळ नवशिके तेथे केवळ 'आयडी' देतात आणि काम झाले असे समजतात. आयडी ही त्या पानापुरती ओळख आहे. ती प्रवासाला निघत नाही. नाव दिलेले असले तरी दोन्ही टोकांना ते एकच असावे लागते. फॉर्म 'भ्रमणध्वनी' म्हणून पाठवतो आणि स्क्रिप्ट 'मोबाईल' मागते, तेव्हा दोघेही आपापल्या परीने बरोबर असूनही पदरात काही पडत नाही. रोमन लिपीतील नावात लहानमोठ्या अक्षराचा भेदही पीएचपी मानते. नावात टिंब किंवा मोकळी जागा असल्यास ती त्या ठिकाणी अधोरेषा घालते आणि शोधणारा चक्रावून जातो.

निष्क्रिय केलेला रकाना पाठवला जात नाही, मात्र 'केवळ वाचनार्थ' ठेवलेला पाठवला जातो. खूण न केलेली चौकट कोरीसुद्धा जात नाही. ती जणू फॉर्मवर नव्हतीच.

पाठवण्याच्या रीती मुख्यतः दोन. 'गेट' या रीतीत माहिती पत्त्याच्याच शेपटीला जोडली जाते, म्हणजे पोस्टकार्डासारखी उघडी. 'पोस्ट' या रीतीत ती आतल्या भागात जाते. फॉर्मवर रीत लिहायची राहिली तर ब्राउझर गेट गृहीत धरतो आणि पोस्टच्या पेटीत पाहणाऱ्या स्क्रिप्टला ती पेटी रिकामी सापडते. याहून फसवा प्रकार पत्ताबदलाचा. जुन्या पत्त्यावर आलेला अर्ज सर्व्हर '३०१' किंवा '३०२' हा संकेत देऊन नव्या पत्त्यावर धाडतो, तेव्हा ब्राउझर सामान्यतः पोस्टचे गेट करतो आणि आतला मजकूर वाटेतच गळतो. '३०७' व '३०८' या संकेतांनी तो टिकतो. सुरक्षित पत्त्याकडे स्थलांतर झाल्यावर कालपर्यंत चालणारा फॉर्म आज एकाएकी रिता येऊ लागतो, त्यामागे पुष्कळदा हेच असते.

जुन्या ग्रंथांवरून शिकणाऱ्यांची आणखी एक फसगत होते. पूर्वी पीएचपीत रकान्याचे नाव आपोआप चल होऊन हाती येत असे. ही सोय असुरक्षित ठरल्याने २००२ मध्ये ती मुळात बंद ठेवण्यात आली आणि २०१२ मध्ये काढून टाकण्यात आली. त्या काळचे उदाहरण आज जसेच्या तसे उतरवले तर हाती शून्य येते.

आता आकारमान. विद्यार्थिनीने गुणपत्रिकेचे छायाचित्र जोडले असेल, तर फॉर्मवर बहुखंडी बांधणीची सूचना हवी. एरवी छायाचित्राचे केवळ नाव जाते. आणि पोस्टची मर्यादा, जी पीएचपीत मुळात ८ मेगाबाइट असते, ती ओलांडली गेली तर छायाचित्राबरोबर नाव, पत्ता, सारेच नाहीसे होते. सामान जड झाले म्हणून उताऱ्यालाही उतरवून द्यावे, असा हा न्याय!

देवनागरीचे प्रकरण निराळे आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. फॉर्मच्या नेहमीच्या बांधणीत प्रत्येक बाइटसाठी टक्केचिन्ह धरून तीन अक्षरे लागतात. 'मैसूर' या शब्दात म, मात्रा, स, उकार आणि र अशी पाच चिन्हे. त्यांचे पंधरा बाइट, आणि वाटेवर पंचेचाळीस अक्षरे. हा विस्तार दोष नव्हे. स्क्रिप्टच्या हाती पुन्हा 'मैसूर'च येते. परंतु पुढे माहितीकोशाशी बोलताना पाश्चात्त्य लिपीची पद्धत ठरलेली असेल, तर प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह बसू शकते. मायएसक्यूएलची मूळ पद्धत २०१८ मधील आठव्या आवृत्तीपर्यंत अशीच पाश्चात्त्य होती. मराठी नावांच्या कित्येक याद्या प्रश्नचिन्हांच्या रांगा बनल्या, त्या अशाने. प्रश्नचिन्ह एकदा साठवले गेले की मूळ अक्षर परत मिळत नाही.

शोध कोठून सुरू करावा? अनुभवी माणूस मध्यावर उभा राहतो. ब्राउझरमधील 'नेटवर्क' या फलकावर प्रत्यक्ष काय पाठवले गेले ते दिसते. मजकूर तेथेच नसेल तर दोष पानात; असेल तर पुढील वाटेत किंवा सर्व्हरवर. एका दृष्टिक्षेपात निम्मा रस्ता निर्दोष ठरतो. त्यानंतर स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत, काहीही प्रक्रिया करण्यापूर्वी, आलेले सर्व जसेच्या तसे छापून पाहावे. पोस्टची पेटी रिकामी असेल तर कच्चा मजकूरही पाहावा. माहिती 'जेसन' या बांधणीत आली असल्यास पीएचपी ती पेटीत ठेवत नाही आणि ती निराळी वाचून घ्यावी लागते. घाईने स्क्रिप्टच बदलत बसणाऱ्याचा दिवस जातो, आणि बहुधा दोन नवे दोष जन्मास येतात.

विद्यार्थिनीच्या त्या 'धन्यवाद'कडे परत येऊ. स्क्रिप्ट चालली, एवढ्यावरच तो छापला गेला होता. आवश्यक रकाने आले की नाहीत हे स्क्रिप्टने आधी तपासावे. न आल्यास अर्ज नाकारून तसे स्पष्ट सांगावे. आल्यास माहितीकोशात जे साठले तेच पुन्हा वाचून पोचेवर दाखवावे. तिचे नाव तेथे कोरे किंवा प्रश्नचिन्हांकित दिसले, तर मुदतीला चार दिवस असतानाच ती कार्यालयाच्या दारात उभी राहील.