बेशुद्ध रुग्णाच्या नेत्रांची यतना



अच्छाड हे राज्याच्या सीमेवर, महामार्ग क्रमांक ४८ वर वसलेले गाव. येथील अत्यवस्थ रुग्णास वापी, सिल्वासा वा वलसाड गाठावे लागते. अतिदक्षता विभागात सर्वांचे लक्ष हृदय व श्वासाकडे असते. ते योग्यच, पण नेत्र विसरले जातात.

जागृत मनुष्याची पापणी मिनिटाला सुमारे १५ वेळा लवते आणि अश्रूंचा ओलावा बुबुळावर पसरविते. बुबुळावरील पारदर्शक पटलात रक्तवाहिन्या नाहीत. त्यास प्राणवायू मुख्यत्वे या ओलाव्यातूनच मिळतो. गुंगीच्या औषधांनी पापणी अर्धवट उघडी राहिली की पटल सुकते, जंतुसंसर्गाने व्रण होतो, फूल पडते. प्राण वाचतात, दृष्टी जाते!

उपाय खर्चिक नाही. निर्जंतुक द्रावणाने स्वच्छता, वंगण मलम, पापणी पूर्ण मिटविणे, प्रसंगी पारदर्शक पॉलिथिनचे आवरण. हे काम परिचारिकेचे. नातलगांनी गुलाबजल वा तूप मुळीच घालू नये, मात्र भेटीच्या वेळी "पापणी पूर्ण मिटते ना?" असे विनयाने अवश्य विचारावे.

नेत्रदानाचा संकल्प केलेल्या कुटुंबास तर हे अधिकच अगत्याचे. मृत्यूनंतर सुमारे ६ तासांच्या आत नेत्र स्वीकारले जातात. परंतु पटल आधीच व्रणाने पांढरे पडले असल्यास ते दुसऱ्यास दृष्टी देण्यासाठी बसविता येत नाही.