माझा विरोध नोंदवून घ्या



अध्यक्षानं गोड बोलावं, हार स्वीकारावा आणि खाली बसावं, असा रिवाज आहे. आज लोणारच्या या मांडवात तो मला पाळता येणार नाही. ज्या अंतराळप्रेमी संस्थेत माझी उमेदीची वर्षं गेली, तिचे पदाधिकारी समोरच बसले आहेत. जे बोलायचं ते त्यांच्या तोंडावर बोलतो. मागच्या सभेत अंतराळात माणूस पाठवणाऱ्या भारताच्या गगनयान मोहिमेच्या अभिनंदनाचा ठराव आला. त्यातून विज्ञान किती हाती लागणार, असं मी विचारलं, तर मलाच देशाभिमानाचे धडे मिळाले. चर्चेविना ठराव मंजूर!

तो हिशेब आता मांडतो. २०१८ मध्ये गगनयानाला ९,०२३ कोटी मंजूर झाले. २०२४ मध्ये भारतीय अंतराळ स्थानकाचा पहिला भाग धरून आकडा २०,१९३ कोटींवर गेला. चंद्रयान-३ सुमारे ६१५ कोटींत झालं, आणि त्यातल्या 'प्रज्ञान' रोव्हरनं चंद्राच्या मातीत गंधक असल्याचं जागेवर तपासून सांगितलं. त्याला ना प्राणवायू लागला, ना अन्नपाणी, ना परतीचं यान. माणूस पाठवला की खर्चाचा मोठा वाटा त्याला सुखरूप परत आणण्यात जातो. जायलाच हवा, जीव आहे तो! पण मग त्याला शोधमोहीम म्हणू नका.

संस्थेचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे: माणूस गेला की नमुने जास्त येतात. अपोलोच्या अंतराळवीरांनी ३८२ किलो दगडमाती आणली. १९७० मध्ये सोव्हिएत संघाच्या मानवरहित लूना-१६ यानानं जेमतेम १०१ ग्रॅम. लोणारकरांना तर हे नाकारताच येणार नाही. लोणारचं विवर उल्काघातानंच झालं, हे सिद्ध करणाऱ्या १९७३ च्या शोधनिबंधात इथल्या काचमण्यांची तुलना अपोलोच्या नमुन्यांशीच केली होती. काठावरच्या मातीतला तो मणी भिंगाखाली पाहा. इवलासा, काळा, गोलसर. आघातानं खडक वितळला, थेंब उडाला आणि थिजला. पण म्हणून १९७० च्या यंत्रावरून आजचा निकाल लावायचा? २०२४ मध्ये चीनच्या चांग'ई-६ नं चंद्राच्या पलीकडच्या बाजूची जवळपास दोन किलो माती आणली. तिथे आजवर एकही माणूस उतरलेला नाही! आपलं चंद्रयान-४ सुद्धा नमुने आणण्यासाठीच आहे, २,१०४ कोटींचं. त्याच्या अभिनंदनाचा ठराव का नाही? कारण त्यात हार घालायला कुणाचा गळा नाही.

अंतराळवीर शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहून आले. त्यांच्या धैर्याला माझा नमस्कार. माझा राग त्यांच्यावर नाही, आपल्यावर आहे; हाताशी आहे ते आपण वापरत नाही. चंद्रयान-२ चं यान २०१९ पासून चंद्राभोवती फिरतंय. त्यानं पाठवलेली छायाचित्रं इस्रोनं 'प्रदान' या संकेतस्थळावर सर्वांना खुली केली आहेत. मेहकर-चिखलीच्या पोरांना चंद्रावरचं विवर पडद्यावर पाहता येईल आणि एसटीनं येऊन तसंच विवर बेसाल्टात पायी फिरता येईल. हे भाग्य जगात किती जिल्ह्यांना आहे? संस्थेनं यावर एक कार्यशाळा घेतली नाही. अंतराळवीराच्या पोशाखाचा कटआउट मात्र फोटोसाठी शाळाशाळांतून फिरवला.

म्हणून आजच्या खुल्या अधिवेशनात ठराव मांडतो: संस्थेचा यंदाचा सगळा निधी जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांना ही छायाचित्रं वाचायला शिकवण्यावर खर्च व्हावा, आणि चंद्रयान-४ ला या सभेचा जाहीर पाठिंबा कळवावा. सूचक मी आहे. अनुमोदन कोण देतंय? आणि विरोध असेल त्यानं या वेळी उभं राहून कारण सांगावं.