पत्र्याच्या आगगाडीचे डबे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



ज्या व्यासपीठावर शिक्षणनिधी, वसतिगृह आणि लग्नातील खर्च अशा भारदस्त विषयांचा ऊहापोह होत आला, तेथे मुलांच्या पत्र्याच्या आगगाड्यांविषयी बोलण्याची मुभा कार्यकारी मंडळाने आम्हांस दिली, याबद्दल आम्ही ऋणी आहो. विषय पोरकट वाटण्याचा संभव आहे. परंतु वाडवडिलांची वस्तू जतन करणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येक घराचा आहे. आणि तो समजावून घेण्यास हा वीतभर लांबीचा डबा फार सोयीचा आहे, असा आमचा अनुभव आहे.

प्रथम पत्र्याविषयी. ही खेळणी ज्या पत्र्याची होत, तो पोलादाचा पातळ पत्रा असून त्यावर कथिलाचा मुलामा असे. आपल्या स्वयंपाकघरातील पितळी पातेल्यास कल्हईवाला जे करितो, तेच कारखान्यात या पत्र्यास केलेले असते. कथिलामुळे गंज दूर राहतो आणि डाख चटकन धरतो. पत्रा हलका, स्वस्त आणि वाकविण्यास सोपा. म्हणून लाकडी खेळण्यांच्या शेजारी तो येऊन बसला आणि पुढे वरचढ ठरला.

या खेळाचा उगम जर्मनीत सापडतो. गोपिंगेन गावी मेर्क्लीन नावाच्या पत्रेकाम करणाऱ्या कारागिराने १८५९ साली बाहुलीच्या घरातील भांडीकुंडी करण्याचा धंदा सुरू केला. १८६६ साली तो निवर्तला, तेव्हा त्याची पत्नी कारोलीन हिने धंदा नेटाने चालू ठेविला. १८९१ साली तिच्या मुलांनी लाइपझिगच्या जत्रेत किल्लीची आगगाडी रुळांसह मांडली आणि रुळांची मापे ठरवून दिली. एका मापाच्या रुळांत ४५ मिलिमीटर अंतर असे. पुढे घरोघर रुळलेल्या 'शून्य' मापात ते ३२ मिलिमीटर झाले. वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या या नियमनात मोठी व्यापारी दृष्टी होती. बाहुलीच्या घरात जसे एकेक भांडे पुढे वाढविता येते, तसा यंदाच्या गाडीस पुढल्या वाढदिवशी घेतलेला डबा जोडता येऊ लागला. डबा ही स्वतंत्र वस्तू झाली. आणि संग्राहकाचे बीज तेथेच पडले, असे म्हणावयास हरकत नाही.

न्यूरेंबर्ग शहरी इग्नाझ व आडोल्फ बिंग या बंधूंचा कारखाना विसाव्या शतकाच्या आरंभी जगातील सर्वांत मोठा खेळण्यांचा कारखाना गणला जाई. मेर्क्लीनचे उंची डबे हाताने रंगविलेले असत. बिंग यांनी छापील पत्र्याचा भरपूर उपयोग केला. ही छपाई शिळाछापाचीच एक शाखा होय. पत्रा सपाट असतानाच त्यावर खिडक्या, दारे, रिबिटे, क्वचित आत बसलेले उतारूसुद्धा रंगांत छापावयाचे. भट्टीत रंग पक्का करावयाचा. मग ठशाने कापून, दुमडून, पत्र्याचे बारीक कान खाचांत घालून मुरडावयाचे. जुना डबा उलटा करून पाहा, हे मुरडलेले कान बोटास लागतात. ज्या डब्याचे कान पुनःपुन्हा उघडलेले दिसतील, त्याची दुरुस्ती झाली आहे असे समजावे.

इंग्लंडात लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० साली किल्लीच्या गाड्या काढल्या. 'मेकॅनो'चे जनक तेच. म्हणून त्यांच्या पहिल्या वाघिणीही नट-बोल्टांनी जुळविलेल्या व खोलता येण्याजोग्या होत्या. रेल्वे कंपनीची आद्याक्षरे पत्र्याची कापून वर अडकविलेली असत. इंग्लंडातील रेल्वे कंपन्यांचे १९२३ साली चार मोठ्या कंपन्यांत एकीकरण झाले, त्यामुळे अक्षरांवरून डब्याच्या वयाचा अंदाज बांधता येतो. तथापि तो अंदाजच समजावा. १९४८ साली तेथील रेल्वे सरकारजमा झाल्यावरही खेळण्यांवर जुन्या कंपन्यांची नावे काही काळ झळकत राहिली होती.

हॉर्नबी यांच्या मालात आम्हांस सर्वांत प्रिय आहेत त्या जाहिरातीच्या बंद वाघिणी. कोलमनची मोहरी, जेकबची बिस्किटे, कॅडबरीचे चॉकलेट, फाइफ्सची केळी अशी नावे अंगावर मिरविणाऱ्या या वाघिणी म्हणजे त्या काळच्या इंग्रज घराचा वाणसामानच रुळांवर आला म्हणावयाचा. कोलमनची वाघीण थोडाच काळ विकली गेल्यामुळे संग्राहक तिच्यासाठी जीव टाकतात. इंजिनाकडे सर्वांचे डोळे लागतात हे खरे. पण लोक काय खात होते, काय विकत होते, हे डबा सांगतो.

अमेरिकेत तर या धंद्याचा एक मोठा वृक्ष डब्यातूनच उगवला. जोशुआ लायोनेल कोवेन यांनी १९०० च्या सुमारास दुकानाच्या काचेआड गिऱ्हाइकांचे लक्ष वेधण्यासाठी विजेवर फिरणारी एक उघडी वाघीण केली. गिऱ्हाइके आतील माल सोडून त्या वाघिणीचीच किंमत विचारू लागली, असे सांगतात. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या 'लायोनेल' गाड्यांचा हा आरंभ.

या सुखाच्या इतिहासास दुःखाची किनार आहे. बिंग बंधूंचा कारखाना १९३० नंतरच्या मंदीत बुडाला. इग्नाझ यांचे पुत्र स्टेफान यांनी दुसरा खेळण्यांचा उद्योग उभारला होता. पण ते ज्यू असल्याने नाझी राजवटीत, १९३८ साली, तो सोडून त्यांना इंग्लंडचा आश्रय घ्यावा लागला. १९४२ साली युद्धाच्या गरजेपायी इंग्लंड-अमेरिकेतही धातूच्या खेळण्यांची निर्मिती थांबली. युद्धानंतर प्लॅस्टिक आले, लहान मापाच्या गाड्या आल्या, आणि पत्रा मागे पडला. लिव्हरपूलचा तो कारखानाही १९७९ साली बंद झाला. कारखाने गेले, माणसे गेली. मुलांच्या हाती दिलेला डबा तेवढा राहिला. त्याचे आपण काय करितो, यावर त्या सर्वांची आठवण अवलंबून आहे.

आता जतनाविषयी चार शब्द. पहिला व मुख्य नियम हा की, जुन्या डब्यास नवा रंग देऊ नये. पातेल्यास कल्हई नवी हवी, कारण त्यात उद्या स्वयंपाक करावयाचा आहे. डब्यास मात्र त्याची जुनीच कांती शोभते. उडालेला रंग, पोचा आलेले छप्पर, कोण्या मुलाने टोकदार वस्तूने कोरलेले आपले आद्याक्षर, हा सर्व त्या डब्याचा जबाब आहे. रोगणाचा एक हात फिरला की तो कायमचा पुसला जातो, आणि बाजारातील किंमतही घसरते. तांब्यापितळेच्या भांड्यास लावितो तशी चिंच अथवा लिंबू लावणे म्हणजे छपाईचा घातच. मऊ कोरडे फडके पुरे. कोकणात व मुंबईत पावसाळ्यातील दमट हवा कथिलाच्या प्रत्येक ओरखड्यातून गंज शिरविते. म्हणून कपाटात ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्या व त्या वेळोवेळी बदलाव्या.

दुसरा शत्रू गंजाहूनही कपटी आहे. काही डब्यांची चाके ओतीव जस्ताची असतात. त्या रसात शिशाचा किंचित अंश मिसळला असेल, तर पुष्कळ वर्षांनी धातू फुगतो, तडकतो व भुगा होतो. हा रोग शेजारच्या डब्यास लागत नाही, पण त्यावर औषधही नाही. ओल व उष्णता यांपासून दूर ठेवून त्याची गती कमी करावी इतकेच. आणखी एक सूचना मातांसाठी: जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो, तेव्हा असे डबे तान्ह्या मुलांच्या तोंडी लागू देऊ नयेत.

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात महाराज माधवराव शिंदे यांच्या काळची चांदीची आगगाडी आहे. भोजनाच्या मेजावरील रुळांवरून ती पाहुण्यांपुढे मद्य व चिरूट घेऊन फिरे; सुरई उचलताच थांबे. तिचे डबे पाहावयास लोक दुरून येतात. ती चांदीची, राजाची. तिला राजवाडा राखतो. पत्र्याच्या डब्यास राखणारा कोणी नाही. घर बदलताना, वाटण्या होताना, माळा झाडताना तो मोडीत जातो. कारण त्याची ओळख एकाच माणसाच्या डोक्यात असते आणि ती त्याच्याबरोबर जाते.

म्हणून आमची आपणांस एकच विनंती आहे. आपल्या घरी पत्र्याची गाडी असो, आजीचा पानाचा डबा असो, वा पणजोबांची हत्यारे असोत. एका साध्या वहीत त्या वस्तूचे नाव, ती कोणी, केव्हा, कोठून आणली, तिच्यात कोणती दुरुस्ती झाली, हे लिहून ठेवावे. डब्याची मूळ पुठ्ठ्याची पेटी असेल तर ती टाकू नये. ती वही घरातील एका तरुण मुलास वा मुलीस वाचून दाखवावी. अमेरिकेतील संग्राहकांनी १९५४ साली संघ स्थापन करून डब्यांच्या स्थितीच्या प्रती ठरविल्या, पुढे संग्रहालय उभारले. हे सर्व काम अशाच वह्यांच्या आधाराने चालते. संग्राहकाने स्वतःस मालक समजू नये. तो मधल्या स्थानकावरचा हमाल आहे. आलेला माल मोडतोड न होता पुढच्या गाडीत चढविणे, एवढेच त्याचे काम.