ब्रह्मगिरीची फेरी आणि मधुमेहीचे पाऊल

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीची फेरी घालणारे अनेक भाविक सुमारे २० किलोमीटरची वाट अनवाणी चालतात. खडा टोचतो, काटा रुततो आणि तो कळतो म्हणूनच पाऊल तत्क्षणी सावरले जाते. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या व्यक्तीची नेमकी ही जाणीवच हरवलेली असू शकते. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की शरीरातील सर्वांत लांब म्हणजे पायांच्या मज्जातंतूंना प्रथम इजा पोहोचते; आरंभी तळव्यांना मुंग्या येतात, रात्री आग होते आणि पुढे कधी कधी ही तक्रार औषधावाचूनच थांबते, तेव्हा घरात समाधान पसरते, परंतु तो आराम नसून बधिरता असू शकते. पायातली चप्पल निसटली तरी न कळणे ही तिचीच खूण होय.

बधिर पावलाचे शास्त्र मोठ्या प्रमाणावर घडले ते कुष्ठरोगाच्या निमित्ताने, आणि तेही भारतात. १९४६ साली वेल्लोर येथे आलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी असे दाखवून दिले, की कुष्ठरुग्णांची बोटे आपोआप झडत नाहीत, तर वेदना न कळल्याने वारंवार होणाऱ्या इजांनी ती नष्ट होतात. सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराची, ‘एमसीआर’ या नावाने ओळखली जाणारी चप्पल मधुमेहींनाही सुचवली जाते, ती याच विचारातून.

साखरेवर नियंत्रण हा प्रतिबंधाचा पाया आहेच. मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी बहुतेक प्रौढांत ७ टक्क्यांच्या आसपास असावी, असे मानले जाते. तथापि गेलेली संवेदना साखर उतरल्याने सहसा परत येत नाही, म्हणून तिचे काम डोळ्यांकडे सोपवावे लागते: रोज रात्री तळवे आरशात पाहणे, कुरूप ब्लेडने न कापणे, गरम पाण्याचा शेक टाळणे आणि वर्षातून एकदा १० ग्रॅम दाबाच्या नायलॉन धाग्याने पावलांची संवेदना तपासून घेणे.

ज्यांना या धाग्याचा स्पर्श कळत नाही, त्यांनी फेरी पायांत नीट बसणारे बूट घालूनच करावी. अनवाणी चालण्याच्या पुण्याचा हिशेब वैद्यकाच्या कक्षेबाहेरचा आहे. परतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करून पाहाव्यात, आणि तेथे न दुखणारी जखम आढळली, तर ती दुखत नाही याच कारणास्तव त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.