अपत्यप्राप्तीचे शास्त्र आणि विषमतेचा हिशेब



कृत्रिम गर्भधारणेच्या यशाचे आकडे दवाखान्यांच्या नावे मांडले जातात. ते यश कोणत्या स्त्रीच्या वाट्याला किती आले, हे सहसा विचारले जात नाही. ब्रिटनमध्ये १९९० च्या कायद्याने अशा उपचारांची नोंद बंधनकारक केली, म्हणून तेथे हा प्रश्न विचारता आला. तेथील नियामक संस्थेच्या २०२१ च्या अहवालानुसार, २०१४ ते २०१८ या काळात तीस ते चौतीस वर्षे वयाच्या गोऱ्या स्त्रियांत उपचारानंतर अपत्यजन्माचे प्रमाण ३० टक्के, तर कृष्णवर्णीय स्त्रियांत २३ टक्के होते.

हा वंशाचा गुणधर्म म्हणून सोडून देणे सोपे आहे. परंतु त्याच अहवालाप्रमाणे कृष्णवर्णीय स्त्रिया उपचारापर्यंत सरासरी जवळजवळ दोन वर्षे उशिरा पोहोचतात आणि त्यांच्यात गर्भनलिकांचे विकार अधिक आढळतात. साराच फरक एवढ्याने उलगडत नाही, हे खरे. तथापि विलंब ही काही जन्मजात गोष्ट नव्हे.

भारतात तर या विषमतेची मुळे अधिकच उघडी आहेत. येथे गर्भनलिका बंद होण्यामागे जननेंद्रियांचा क्षय हे एक प्रमुख कारण आहे, आणि क्षय फोफावतो तो कोंदट खोलीत, अर्धपोटी शरीरात. रोग दारिद्र्यातून येतो आणि इलाज मात्र बाजारात विकला जातो. ज्या दांपत्याजवळ एकाच खेपेपुरते पैसे असतात, त्याला एकाहून अधिक भ्रूण रोपण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. त्यातून जुळी गर्भधारणा, अकाली प्रसूती आणि कमी वजनाची बालके, हे ओझे पुन्हा त्याच कुटुंबावर पडते.

वास्तविक ही विद्या या देशात सार्वजनिक संस्थांच्या अंगणात वाढली. शास्त्रीय नोंदी असलेले भारतातील पहिले ‘टेस्ट ट्यूब बेबी’ ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबई महानगरपालिकेच्या के. ई. एम. रुग्णालयात, डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून जन्मले. गोवा वैद्यकीय महाविद्यालयाने २०२३ मध्ये हा उपचार विनामूल्य सुरू केला. जे गोव्यात शक्य झाले, ते महाराष्ट्राच्या प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अशक्य का मानावे?

२०२१ च्या कायद्याने दवाखान्यांचे नियमन आणि राष्ट्रीय नोंदवही यांची तरतूद केली आहे. त्या नोंदवहीतून उत्पन्न, जात आणि जिल्हा यांनुसार उपचारांची निष्पत्ती दरवर्षी प्रसिद्ध झाली पाहिजे. आणि त्याआधी, स्त्रियांच्या क्षयाचे निदान वेळेवर झाले पाहिजे. समाजवादी चळवळीने आरोग्याच्या मागण्यांत या दोन्हींचा समावेश करावा.