पाहणारा डोळा



नोकरी नाही म्हणून हताश होणाऱ्या तरुणांनी किहीमची हकिगत ऐकावी. १९३० साली सलीम अली जर्मनीहून शिकून परतले, तो त्यांची जागाच रद्द झालेली. ते अलिबागजवळच्या किहीमला राहावयास गेले. तेथे त्यांनी सुगरण पक्ष्यांची घरटी चिकाटीने निरखली. नर अर्धे घरटे विणतो. मादीने पारखून पसंत केल्यावरच ते पुरे करतो, हे त्यांनी टिपून ठेवले. त्या निबंधाने त्यांचे नाव झाले. १९७६ साली पद्मविभूषण लाभले.

ती घरटी गावात सर्वांनाच दिसत होती!

पालकहो, मूल झाडाखाली रेंगाळले तर लगेच रागावू नका. विद्यार्थ्यांनो, रोज पाहा आणि पाहिलेले वहीत लिहा.